बाहेर बसलेली माणसं

हेलिकॉप्टरच्या बाहेर बसलेली माणसं मी पहिल्यांदा पाहिली ती टँपामध्ये, पाण्याच्या काठावर उभं राहून. बाहेर म्हणजे अक्षरशः बाहेर. यंत्राच्या दोन्ही अंगांना एकेक अरुंद फळी, प्रत्येक फळीवर तीन माणसं, पाय मोकळे खाली सोडलेले. डोक्यावर गरगरणारी पाती, पायांखाली खाडीचं पाणी. पुढे कठडा नाही, मागे दार नाही. कमरेला एक पट्टा आणि त्या पट्ट्याची कडी, एवढाच त्यांचा आणि त्या यंत्राचा संबंध.

दोन हेलिकॉप्टरं होती. पुलाच्या बाजूने आली, पण येताना दिसली नाहीत. इमारतींच्या आडून एकदम समोर उभी ठाकली, इतकी खाली की काठावरच्या माणसांना मान वर करावी लागली नाही. माझ्या हातात दुर्बीण होती, म्हणून मला एक गोष्ट दिसली. फळीवर मध्ये बसलेल्या माणसाने नजर समोरून न हलवता हात बाजूला नेला, शेजाऱ्याच्या कमरेची कडी चाचपली, एकदा ओढून पाहिली आणि हात पुन्हा गुडघ्यावर ठेवला. शेजाऱ्यानेही त्याच्याकडे वळून पाहिलं नाही. सगळं मिळून दोन सेकंदं. त्यानंतर दोर सुटले, माणसं उतरली, बोटींनी पाणी कापलं, धूर झाला, आवाज झाले. त्यातलं पुष्कळसं आता पुसट झालंय. तो हात मात्र जशाच्या तसा आठवतो.

टँपा हे अमेरिकेच्या विशेष दलांचं गाव. त्या देशाच्या सगळ्या विशेष दलांची सूत्रं 1987 पासून एकाच कमांडकडे आहेत आणि तिचं मुख्यालय इथल्या मॅकडिल हवाई तळावर आहे. मे महिन्यात शहरात या क्षेत्राचं मोठं संमेलन भरतं. त्या निमित्ताने कधी कधी संमेलन केंद्रासमोरच्या पाण्यात, भर शहरात, लोकांना बघता येईल असं प्रात्यक्षिक करतात. गोष्ट ठरलेली असते. कोणाला तरी ओलीस धरलेलं असतं, ती भूमिका कधी खुद्द शहराचे महापौरही करतात, आणि हवेतून, पाण्यातून, दोरावरून जवान येऊन ओलिसांची सुटका करतात. बंदुकांमधून नुसता आवाज निघतो, गोळी निघत नाही. लोक लेकराबाळांना खांद्यावर घेऊन येतात. मीही असाच आलो होतो, हेलिकॉप्टरांचं लहानपणापासूनचं वेड घेऊन.

माझ्या शेजारी कठड्याला टेकून एक सत्तरी ओलांडलेले गृहस्थ उभे होते. त्यांच्याकडेही दुर्बीण होती, माझ्यापेक्षा जुनी आणि जड. मी दोरावरून घसरणाऱ्या जवानांकडे बघतोय हे त्यांच्या लक्षात आलं असावं.

"सगळे दोराकडे बघतात," ते म्हणाले. "तुम्ही शेपटीकडे बघा."

मी पाहिलं. शेपटी हलत नव्हती. आधी वाटलं, यात बघण्यासारखं काय? मग हळूहळू उमगलं की बघण्यासारखं तेच होतं. हेलिकॉप्टर हवेत एका जागी उभं असतं तेव्हा ते उभं नसतंच. वरचं चक्र एका दिशेला फिरतं आणि त्यामुळे खालचं धड उलट दिशेला फिरू पाहतं. त्याला शेपटीवरचा लहान पंखा धरून ठेवतो आणि तो पंखा वैमानिकाच्या पायांत असतो. उजव्या हातातल्या दांड्याने चक्र कलवायचं, डाव्या हातातल्या दांड्याने उचल कमीजास्त करायची, आणि यातलं एक बदललं की बाकीची दोन्ही बदलायची. इमारतीवर आपटून परत आलेला वारा, पाण्यावरून उठणारे तुषार, दोरावरून एक माणूस उतरल्याने अचानक हलकं झालेलं यंत्र, या प्रत्येक गोष्टीला हातापायांनी उत्तर द्यायचं, आणि तेही ती गोष्ट घडायच्या आत. शेपटी हलत नाही याचा अर्थ आत बसलेला माणूस क्षणभरही स्वस्थ नाही.

"पोरं चांगली आहेत," ते म्हणाले. मग जरा वेळाने, "या हेलिकॉप्टरांच्या थोरल्या भावंडांचा मी क्रू चीफ होतो. 1969. व्हिएतनाम." क्रू चीफ म्हणजे ज्याच्या हवाली ते हेलिकॉप्टर केलेलं असतं तो मेकॅनिक. उडवणारे बदलत राहतात, पण त्या यंत्राची खोड न खोड ठाऊक असलेला माणूस तोच राहतो.

या हेलिकॉप्टरचं नाव लिटल बर्ड, म्हणजे छोटं पाखरू. नावात लाड आहे, आणि तो लाडच मला खटकतो. लहान म्हटलं की आपण ते खेळण्यात जमा करतो. हे यंत्र चुकून लहान झालेलं नाही. साठ वर्षं त्याला जाणूनबुजून लहान ठेवलेलं आहे, आणि त्या लहानपणाची किंमत त्यात बसणाऱ्यांनी मोजलेली आहे.

त्याची सुरुवात टेहळणीपासून झाली. 1960 च्या सुमारास अमेरिकी लष्कराला शत्रूचा माग काढण्यासाठी हलकं, स्वस्त, चपळ हेलिकॉप्टर हवं होतं. बेल, हिलर आणि ह्यूज अशा तीन कंपन्यांचे नमुने शेवटपर्यंत टिकले. ह्यूजच्या नमुन्याने 27 फेब्रुवारी 1963 रोजी पहिलं उड्डाण केलं आणि 1965 मध्ये तोच निवडला गेला. लष्कराच्या रिवाजाप्रमाणे त्याला एका मूलनिवासी जमातीचं नाव मिळालं, केयूस. कागदावर ओएच-6. हलक्या टेहळणी हेलिकॉप्टरच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून जवानांनी त्याचं 'लोच' करून टाकलं, आणि तेच तोंडी बसलं.

मी एका संग्रहालयात एक जुनं लोच जवळून पाहिलंय, हात लावून. अंड्याच्या आकाराचं धड, त्यातून निघालेली काठीसारखी शेपटी. पत्रा बोटाने दाबला तर किंचित दबेल की काय असं वाटावं इतका पातळ. रिकाम्या यंत्राचं वजन साडेपाचशे किलोंच्या आसपास. आत दोन माणसं बसली की खांद्याला खांदा लागतो. पण वर जिथे पाती जोडलेली असतात तिथे नजर गेली आणि मी बराच वेळ तिथेच उभा राहिलो. फिरणारं पातं बाहेरच्या बाजूला जबरदस्त ओढ घेतं. ती ओढ पेलायला बहुतेक यंत्रांत जाडजूड सांधे लागतात. इथे पोलादाच्या पातळ लवचीक पट्ट्यांचे थर आहेत. एका पात्याची ओढ त्या पट्ट्यांमधून थेट समोरच्या पात्याकडे जाते, दोघं एकमेकांना ओढून धरतात, आणि मधल्या गाभ्यावर फारसा भार येत नाही. वर-खाली, आजूबाजूला हलण्याचं काम त्या पट्ट्याच वाकून करतात. शिवाय पात्यांचा सगळा भार तोलणारा खांब फिरतच नाही. तो धडाला पक्का बसवलेला असतो, आणि चक्र फिरवणारा दांडा त्या पोकळ खांबाच्या आतून वर जातो. भार एकाने उचलायचा, फिरवायचं दुसऱ्याने. इतका सरळ विचार यंत्रात उतरलेला क्वचित दिसतो. ज्यांनी तो केला त्यांच्याविषयी मला मनापासून आदर आहे.

आणि तो विचार कागदावरच राहिला नाही. एप्रिल 1966 मध्ये रॉबर्ट फेरी नावाच्या वैमानिकाने या हेलिकॉप्टरने कॅलिफोर्नियातल्या कल्व्हर सिटीहून निघून थेट फ्लोरिडातला ऑर्मंड बीच गाठला. मध्ये कुठे उतरणं नाही, इंधन भरणं नाही. साडेतीन हजार किलोमीटरहून जास्त अंतर, पंधरा तासांच्या वर, एका खुर्चीत. समुद्रापासून समुद्रापर्यंत.

पुढे किमतीवरून फाटलं. कंपनीने सुरुवातीला पडत्या भावात हेलिकॉप्टरं देऊ केली होती, नंतर भाव वाढवला, आणि लष्कराने पुढची मोठी मागणी बेलकडे नोंदवली. तो सगळा हिशेबाचा भाग.

व्हिएतनाममधली गोष्ट मात्र हिशेबाची नाही. त्या गृहस्थांनी ती मला तुकड्यातुकड्यांनी सांगितली, डोळ्यांवरची दुर्बीण न काढता. लोच झाडांच्या शेंड्यांना घासत, सावकाश उडायचं. आतली माणसं खाली वाकून गवत कुठे दबलंय, पायवाटेवर ताजी पावलं आहेत का, कुठे चुलीचा धूर रेंगाळतोय ते बघायची. वर उंचावर कोब्रा हे हल्ला करणारं हेलिकॉप्टर घिरट्या घालत असायचं. टेहळणीवाल्यांचा रंग पांढरा, कोब्राचा लाल, म्हणून दोघांच्या जोडीला म्हणायचे गुलाबी टीम. खालच्याचं काम शत्रू शोधायचं, आणि बहुतेक वेळा शत्रू सापडायचा तो त्याने गोळी झाडल्यावर. असली सुमारे 1,400 हेलिकॉप्टरं बनली. त्यांतली निम्म्याहून अधिक त्या युद्धात नष्ट झाली.

"पडायचंच असेल तर यातून पडावं असं आम्ही म्हणायचो," ते म्हणाले. "शेपटी तुटायची, पाती उडून जायची, आणि ते अंडं गडगडत जायचं. बऱ्याचदा आतली माणसं चालत बाहेर यायची." जरा थांबून म्हणाले, "बऱ्याचदा."

त्यांना विचारावंसं वाटलं की न आलेली किती. विचारलं नाही.

याच अंड्याची एक आवृत्ती इतकी शांत करण्यात आली होती की ती डोक्यावरून गेली तरी पत्ता लागू नये. हेलिकॉप्टरचा आवाज मुख्यतः पात्यांच्या टोकांच्या वेगातून येतो. म्हणून एक पातं वाढवलं आणि चक्र सावकाश फिरवलं, उचल तेवढीच राहिली. इंजिनावर आवाज गिळणारं नळकांडं चढवलं, शेपटीच्या पंख्याची पाती कात्रीसारखी असमान कोनांत बसवली. डिसेंबर 1972 मध्ये लाओसमधून निघालेल्या अशा एका हेलिकॉप्टरने उत्तर व्हिएतनाममधल्या विन्हजवळ रात्री जाऊन टेलिफोनच्या तारेवर चोरून ऐकण्याचं यंत्र बसवलं आणि ते गुपचूप परतलं. रात्रीशी या यंत्राची सोयरीक अशी आधीच जुळलेली होती.

ती पक्की झाली 1980 नंतर. इराणमध्ये ओलीस धरलेल्या अमेरिकी लोकांना सोडवायला एप्रिल 1980 मध्ये नौदलाची आठ मोठी हेलिकॉप्टरं वाळवंटात निघाली. धुळीच्या लोटांत आणि बिघाडांत त्यांतली पाचच कामाची उरली, मोहीम सोडून द्यावी लागली, आणि परत निघताना एक हेलिकॉप्टर इंधन घेऊन आलेल्या विमानावर आदळलं. आठ माणसं गेली. ज्यांना सोडवायचं होतं त्यांच्यापर्यंत कोणी पोहोचलंच नाही. त्या रात्रीनंतर केंटकीतल्या फोर्ट कॅम्पबेलमधले निवडक वैमानिक एकत्र करून अंधारात उडण्यासाठीच एक तुकडी उभी केली गेली. ऑक्टोबर 1981 मध्ये तिला रीतसर रूप मिळालं, आज तिला 160वी रेजिमेंट, नाइट स्टॉकर्स म्हणतात. या तुकडीला अगदी लहान हेलिकॉप्टर हवं होतं. मालवाहू विमानाच्या पोटात पाती दुमडून मावेल, उतरवल्यावर काही मिनिटांत उडेल, आणि जिथे दुसरं कुठलंही यंत्र टेकणार नाही अशा गच्चीवर किंवा गल्लीत टेकेल असं. त्यांनी नॅशनल गार्ड या राखीव दलाकडे गेलेली जुनी लोच शोधून काढली.

आणि मग त्यांनी त्यातून वस्तू काढायला सुरुवात केली. दारं काढली. माणसं आत बसवली तर उतरायला वेळ लागतो, म्हणून त्यांना बाहेर फळीवर बसवलं. चिलखत म्हणावं असं फारसं ठेवलंच नाही, कारण वजन. कालांतराने इंजिन तगडं झालं, चार पात्यांची सहा झाली, माणसं-इंधनासकट उडतानाचं एकूण वजन वाढून दोन टनांच्या थोडं वर गेलं; पण धड तेच राहिलं, अंड्याचं. माणसं नेणारं ते एमएच-6. फळ्यांऐवजी बंदुका आणि रॉकेटं लावली की ते एएच-6, त्याच्या सहा नळ्यांच्या बंदुकीतून मिनिटाला हजारो गोळ्या सुटतात. टँपाच्या काठावर ज्याला बघून मुलं हात हलवत होती त्याचंच ते सख्खं भावंड, हे विसरता कामा नये. मला या यंत्राचं प्रेम आहे, आणि ते माणसं मारण्यासाठीही बनलेलं आहे. या दोन्ही गोष्टी मी मनात शेजारी शेजारी ठेवतो.

एवढं सगळं काढून टाकल्यावर त्या यंत्रात राखण करणारं उरतं काय? माझ्या मते एकच गोष्ट उरते, सराव. जाड पत्र्याने जे काम केलं असतं ते आता माणसांच्या सवयींनी करायचं. फळीवरच्या त्या माणसाचा शेजाऱ्याच्या कडीकडे गेलेला हात, तोच त्या हेलिकॉप्टरचा कठडा, तेच दार.

हा सराव अंधारातला. रात्री दिसावं म्हणून डोळ्यांवर चष्मे चढवतात, पण पूर्वीपासून त्यांतून दिसतं ते जेमतेम 40 अंशांतलं, जणू दोन नळ्यांतून बघावं तसं. खोली कळत नाही. तार किती लांब आहे, गच्चीचा कठडा किती खाली आहे, हे डोळ्यांनी नीट मोजता येत नाही. डोकं सतत फिरवत राहायचं आणि अंदाज बांधत राहायचे. त्यात वेळेचा नेम असा की ठरलेल्या क्षणाच्या 30 सेकंद आधी किंवा 30 सेकंद नंतर, तेवढ्यात ठिकाणावर पोहोचायचंच. तासन्‌तास उडून, अंधारात, समुद्रावरून किंवा डोंगरांमधून. सुरुवातीच्या वर्षांत हे शिकताना सरावातच माणसं गेली. कोणाशी लढाई नव्हती, कोणी गोळी झाडली नव्हती. त्यानंतर प्रशिक्षणाची घडी नीट बसवली गेली. तुकडीत येणारा मग तो वैमानिक असो की मेकॅनिक, आधी ग्रीन प्लाटून नावाच्या खडतर वर्गातून जातो. नवख्या वैमानिकाला उड्डाणाचा म्होरक्या व्हायला पुढे कित्येक वर्षं लागतात. फोर्ट कॅम्पबेलमध्ये गेलेल्यांची नावं कोरलेली भिंत आहे. त्या भिंतीवर लढाईत गेलेला आणि सरावात गेलेला असा भेद केलेला नाही, आणि तो नसावाच.

म्हणून प्रात्यक्षिक या शब्दाविषयी मला थोडं बोलायचंय. प्रात्यक्षिक म्हणजे प्रत्यक्ष दाखवणं. पण टँपामध्ये आम्हाला दाखवलं ते भर उन्हात. ज्या कामासाठी ही माणसं तयार होतात ते काळोखातलं, कोणाला दिसू नये म्हणून केलेलं. दिवसा दाखवलेली रात्र म्हणा. त्यात खोटेपणा नव्हता. दोर खरा होता, उंची खरी होती, हात भाजू शकणारं घर्षण खरं होतं. या दोराला कडी लावत नाहीत. मनगटाएवढा जाड दोर, हातमोजे घालून तो दोन्ही हातांनी आणि पायांनी आवळायचा आणि घसरत खाली यायचं. पकड ढिली झाली तर खाली पाणी किंवा काँक्रीट, जे असेल ते. लोक टाळ्या वाजवत होते तेव्हा वर एक माणूस रिकाम्या हवेत फळीवरून पाय सोडत होता. टाळ्या योग्य होत्या. फक्त त्या चुकीच्या ठिकाणी पडत होत्या असं मला वाटलं. स्फोट झाला की टाळ्या, धूर निघाला की टाळ्या. हेलिकॉप्टर अर्धा मिनिट अगदी स्तब्ध राहिलं तेव्हा कोणी टाळी वाजवली नाही.

प्रत्यक्षात ते कसं असतं याच्या दोन रात्री माझ्या मनात पक्क्या बसल्या आहेत.

एक 1989 ची, पनामा सिटीतली. कर्ट म्यूज नावाचा अमेरिकी माणूस तिथल्या लष्करशहाविरुद्ध गुप्त रेडिओ चालवायचा. त्याला पकडून मोडेलो तुरुंगात ठेवलं होतं, समोरच लष्कराचं मुख्यालय. 20 डिसेंबरच्या मध्यरात्रीनंतर, त्या देशावरचं आक्रमण सुरू होत असतानाच, लिटल बर्डं तुरुंगाच्या गच्चीवर उतरली, जवानांनी खाली जाऊन म्यूजला कोठडीतून बाहेर काढलं, वर आणलं आणि हेलिकॉप्टरमध्ये बसवलं. दोन्ही फळ्यांवर जवान बसले. यंत्र गच्चीवरून सुटलं, आणि भार इतका होता की वर जाण्याऐवजी ते खाली रस्त्यावर आलं. गोळ्या चालू होत्या. वैमानिकाने ते पडू दिलं नाही. रस्त्यावरून, इमारतींच्या मधून, चाकं नसलेलं ते यंत्र गाडीसारखं पुढे नेलं आणि मोकळी जागा बघून पुन्हा उचललं. पुन्हा गोळ्या लागल्या, आणि या वेळी ते पडलं. फळीवर बसलेले जवान जखमी झाले, त्यांच्या आणि जमिनीच्या मध्ये काहीच नव्हतं. पण मेलं कोणी नाही. त्यांनी पडलेल्या यंत्राभोवती कडं केलं, मध्ये म्यूजला ठेवलं आणि चिलखती गाड्या येईपर्यंत ते तसेच थांबले. ते अंडं गडगडलं होतं आणि माणसं बाहेर आली होती.

दुसरी गोष्ट सोमालियातल्या मोगादिशूची, 3 ऑक्टोबर 1993. ब्लॅक हॉक हे मोठं अमेरिकी हेलिकॉप्टर पाडलं गेलं होतं, आत मेलेली आणि जखमी माणसं होती. स्टार 41 या लिटल बर्डच्या वैमानिकांनी, कार्ल मायर आणि कीथ जोन्स यांनी, पडलेल्या यंत्राजवळच्या अरुंद गल्लीत आपलं हेलिकॉप्टर उतरवलं. जोन्स खुर्ची सोडून उतरले आणि जखमींना आणायला गेले. मायर यांनी एका हाताने यंत्र सांभाळलं आणि दुसऱ्या हाताने, जवळच्या बंदुकीने, गल्लीच्या टोकाकडे गोळीबार चालू ठेवला. दोन जखमींना घेऊन ते उडाले. त्यांतला एक, डॅनियल बुश, पुढे वाचला नाही. त्या दिवशी आणि त्या रात्री 18 अमेरिकी जवान मेले, आणि सोमाली लोक शेकड्यांनी मेले. त्यांतले कित्येक लढणारे नव्हते. त्या गल्लीत हेलिकॉप्टर उतरवण्याचं धाडस आठवताना त्या घरांतली माणसंही आठवायला हवीत, असं मला वाटतं. पात्यांचा तो वारा त्यांच्याही छपरांवरून गेला होता.

हे सगळं डोक्यात घेऊन बघितलं की फळीवरून उतरण्याच्या साध्या क्रियेतही बरंच काही दिसायला लागतं. पाठीवरच्या ओझ्यासकट एक जवान शंभर-सव्वाशे किलोंचा धरला, तर एका फळीवर साडेतीनशे किलोंच्या आसपास वजन, आणि सगळं मिळून यंत्र दोन टनांच्या आसपास. एका बाजूचे तिघं आधी उतरले आणि दुसऱ्या बाजूचे बसून राहिले, तर हेलिकॉप्टर तराजूसारखं कलंडू लागेल. म्हणून दोन्ही बाजू एकदम रिकाम्या करायच्या. एकदम रिकाम्या झाल्या की यंत्र एकाएकी हलकं होऊन वर उसळू पाहतं. वैमानिकाने त्याच क्षणी उचल कमी करायला हवी, ना आधी ना नंतर. आधी केली तर खालच्याच्या डोक्यावर येईल. फळीवरचा माणूस वैमानिकाला पाठमोरा, वैमानिकाला तो नीट दिसतही नाही. तरी दोघांना एकच क्षण ठाऊक असतो. हे शब्दांत शिकवता येत नसावं. शेकडो वेळा एकत्र केल्यावरच ते अंगात मुरत असावं.

अमेरिकी लष्कराला नवं, वेगवान टेहळणी हेलिकॉप्टर आणायचं होतं, आणि लिटल बर्डच्या जागीही तेच आणायचा विचार होता. फेब्रुवारी 2024 मध्ये ती योजनाच रद्द झाली. त्यामुळे 1963 साली पहिल्यांदा उडालेल्या त्या अंड्याचे वंशज अजून काही वर्षं फळ्यांवर माणसं वाहत राहतील. मला याचा आनंद झाला, हे लपवत नाही.

टँपातल्या त्या दिवशी शेवटी हेलिकॉप्टरं परत आली. जवान धक्क्यावरून वाकून पळत आले, फळ्यांवर बसले, कड्या लागल्या. लोकांनी पांगायला सुरुवात केली होती, मुलांना भूक लागली होती, कोणी गाडीच्या किल्ल्या शोधत होतं. माझ्या शेजारचे गृहस्थ मात्र हलले नाहीत. दुर्बीण डोळ्यांना लावलेली आणि ओठ हळूच हलत होते. आधी मला वाटलं प्रार्थना करतायत. मग आकडे ऐकू आले. ते माणसं मोजत होते.

"तेव्हाची सवय आहे," त्यांनी डोळ्यांवरची दुर्बीण न काढता सांगितलं. "सकाळी किती गेले ते मोजायचं. संध्याकाळी परत मोजायचं."

जमिनीवरून बघताना अडचण अशी की एका वेळी एकच फळी दिसते. पहिलं हेलिकॉप्टर पाण्यावर वळलं तेव्हा त्याच्या दोन्ही बाजू दिसल्या. दुसरं सरळ गेलं. त्याच्या अलीकडच्या फळीवरचे तिघं दिसले, आणि ते उंच इमारतीच्या मागे गेलं.

"नऊ," ते म्हणाले, आणि थांबले.

आवाज येत होता, कमी होत चालला होता. मीही दुर्बीण उचलली. इमारतीच्या पलीकडच्या कडेवर आम्ही दोघांनी नजर लावली. ते यायला वाटलं त्यापेक्षा जास्त वेळ लागला. मग ते बाहेर आलं, पुलाच्या दिशेला वळताना कललं, आणि पलीकडची फळी आमच्या बाजूला झाली. तिथे तीन जोड्या पाय हवेत लोंबकळत होते.

त्यांनी दुर्बीण खाली घेतली आणि तिच्या दोन्ही भिंगांवर एकेक करून झाकण लावलं.